पहिली ओळ गणपतीची

काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या चाळीसएक मराठी घरांत भिंतीवर आमच्या ह्यांचं अक्षर टांगलेलं असतं. ही बढाई नव्हे, एकतीस वर्षांची वहिवाट आहे. दर पाडव्याला हे तिथिपत्रक काढतात. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना वर्षभराच्या तिथी, सणवार, एकादश्या, आणि तळाशी घराघरांच्या श्राद्धतिथी. बाजारात कॅलेंडरं ढिगाने मिळतात, पण ती इथल्या लोकांची. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात आपला माघ तो यांचा फाल्गुन. सात पिढ्या काशीत काढून आम्ही हिंदीत भांडायला शिकलो, सकाळी कचौडी-जिलबी खायला शिकलो, पण आमच्या पितरांना अजून मराठी महिनाच कळतो.

ह्यांचं नाव वेणीमाधव. पाठशाळेत शिकवायचे, आपल्याकडचे यात्रेकरू दशाश्वमेधावर आले की त्यांचे विधी करायचे, आणि उरलेल्या वेळात माझ्याशी वाद घालायचे. मी कालिंदी. मुलींच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वादात सहसा हरत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना लकवा मारला. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं. पाय दिवाळीपर्यंत आला. उजवा हात आलाच नाही. तेव्हापासून दिवसातून पन्नासदा "अगं ए" सुरू झालं. धोतराची गाठ, बंडीचं बटण, घास कालवणं, पोथीचं पान उलटणं, सगळ्याला "अगं ए". मला त्याचा कंटाळा नव्हता. हाक मारताना ह्यांचा आवाज दर वेळी थोडा खाली जायचा, त्याचा मला त्रास व्हायचा.

मार्गशीर्षात मी विषय काढला. "तुम्ही सांगा, मी लिहिते. पत्रक काढू या."

"मग खाली नाव तुझं घाल."

"डाव्या हाताने लिहा मग."

"डाव्या हाताने माणूस काय करतो ते तुला ठाऊक आहे," हे म्हणाले. "त्या हाताने लोकांच्या बापजाद्यांची नावं लिहू?"

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं मी मनात म्हटलं आणि स्वयंपाकाला लागले. ह्यांनी घाटावर निरोप धाडून दिला, की यंदापासून पत्रक बंद, बाजारचं कॅलेंडर बघा.

मग जानेवारीच्या शेवटी समोरच्या अंबिकाबाई नाशिकचं एक पत्र हातात घेऊन आल्या. मी शाळेत असले की त्या ह्यांच्याकडे डोकावून जायच्या. जीभ तिखट, मन चांगलं. त्यांच्या सासऱ्यांची तिथी माघ वद्य द्वितीया. जुनं पत्रक कुठे तरी गेलं म्हणून त्यांनी बाजारच्या कॅलेंडरात माघ शोधला, त्यातली कृष्ण द्वितीया धरली, ब्राह्मण सांगितला, वडे-खीर केली. आता दिराने नाशिकहून लिहिलं होतं, की वडिलांचं श्राद्ध दोन फेब्रुवारीला आहे.

"गुरुजी," अंबिकाबाई म्हणाल्या, "मी मामंजींना महिनाभर आधीच जेवायला घातलं. ते आले असतील का हो? की अजून वाट बघताहेत?"

आम्ही दोघी हसलो. हे हसले नाहीत. अंबिकाबाई गेल्यावर म्हणाले, "पत्रक निघायला हवं. यंदा तर अधिक ज्येष्ठ आहे. लोक आणखी घोटाळे करतील."

पण काढायचं कसं, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. ते मालविकाने आणलं.

मालविका ह्यांची भाची. विद्यापीठात कॉम्प्युटर शिकली आणि तिथेच शिकवत होती. तिला बंगलोरला नोकरी लागली होती. एवढं धूड घेऊन कुठे जाऊ म्हणत तिने आपला कॉम्प्युटर आणि खरखरणारा प्रिंटर सायकलरिक्षात घालून आमच्याकडे आणला.

"मामा, कळा दाबायला एक हात पुरतो," ती म्हणाली. "तुम्ही इंग्रजी अक्षरांत माघ लिहायचं, छापताना ते देवनागरीत येतं. आणि कळांना डावं-उजवं काही नसतं."

ह्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "माझी एक अट आहे. बत्ती गेली आणि आली, की हे मी एकट्याने परत चालू करणार. दर वेळी कोणाला तरी बोलवायचं असेल तर नको."

आमच्या गल्लीत बत्ती, म्हणजे वीज, दिवसातून चारदा जाते. म्हणजे अट साधी नव्हती. दुसऱ्या गावी लोक यंत्र सकाळी एकदा सुरू करतात आणि विसरतात. आमच्याकडे काम कमी आणि आरंभच जास्त.

"त्यासाठीच तर हे घातलंय," मालविका म्हणाली. "लिनक्स म्हणतात याला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, मासिकाबरोबर फुकट सीडी येते. यात झाकून ठेवलेलं काही नाही. सुरू होताना आधी काय यावं, मग काय, शेवटी काय, ते एका फाइलमध्ये ओळीने लिहायचं. यंत्र वरून खाली वाचत जातं."

"म्हणजे पूजेचा क्रम आपण लावायचा."

"साधारण तसंच, मामा."

त्या फाइलच्या नावाआधी एक टिंब होतं. टिंब असलं की ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. "सोवळ्यातली फाइल," असं मी म्हटलं, आणि घरात तेच नाव पडलं. मालविकाने तीत तीन ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ घड्याळ आणायची. दुसरी, मोठ्या अक्षरांत पत्रकाचा कागद उघडायची. तिसरी डेस्कटॉपची. खालची पट्टी, खिडक्यांच्या चौकटी, खिडकी हलवणं, मिटणं हे सगळं तो सांभाळायचा. काळ्या पडद्यावर ह्यांनी आपलं नाव लिहायचं, परवलीचा शब्द लिहायचा, मग 'स्टार्टएक्स' असं टंकायचं, की या तीन गोष्टी क्रमाने पुढे हजर. सगळं डाव्या हाताच्या चार बोटांत बसणारं.

दहा दिवस मामा-भाचीची शाळा चालली. शिवरात्रीच्या गर्दीत रिक्षा मिळत नाही, म्हणून मालविका तीन दिवस आधीच निघाली. जाताना एका वहीत अडीअडचणीला करायच्या गोष्टी लिहून गेली. आणि मामांची हौस म्हणून गल्लीतल्या दूधविनायकाचा एक फोटो यंत्रात घालून, तो कुठल्या आज्ञेने उघडतो तेही लिहून गेली.

तिच्या मागे हे जोरात होते. चैत्र लिहून झाला, वैशाख लिहून झाला. बत्ती गेली की हे गप्प बसून राहायचे, आली की नाव, शब्द, स्टार्टएक्स. मी शाळेतून यायचे तेव्हा आतून टक्, टक्, टक् ऐकू यायचं, सुपारी कातरल्यासारखं. त्या आठवड्यात "अगं ए" निम्म्यावर आलं होतं.

आणि मग ह्यांना सुचलं, की यंत्र रोज चारदा आरंभ करतं आणि एकदाही गणपतीचं नाव घेत नाही.

रविवार होता. ह्यांनी सोवळ्यातली फाइल उघडली, सगळ्यांत वर जागा केली आणि वहीत बघून गणपतीची ओळ लिहिली. मग यंत्र मुद्दाम बंद केलं, हातपाय धुऊन आले, मलाही बोलावलं. नाव, शब्द, स्टार्टएक्स. पडदा करडा झाला. डाव्या कोपऱ्यात शेंदरी दूधविनायक प्रकट झाले. ह्यांनी एक हात छातीशी धरून मान लववली. मीही हात जोडले.

मग आम्ही थांबलो. घड्याळ येईना, कागद येईना, खालची पट्टी येईना. गणपती कोपऱ्यात बसलेले, बाकी सगळा करडा माळ, आणि मधोमध यंत्राच्या उंदराचा, म्हणजे माउसचा, बाण असायचा तिथे एक फुली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. देव पाण्यात घालून बसल्यासारखे आम्ही दोघं. शेवटी वहीत बघून मी तीन कळा एकदम दाबल्या, ते काही एका हाताचं काम नव्हे, आणि काळा पडदा परत आला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा गणपती, पुन्हा माळ.

तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होतं. आमच्यात चेष्टा चालते, सवयीने बोलून गेले. "करायला गेले गणपती आणि झाला मारुती."

हे पडद्यापासून मागे सरकले. मग म्हणाले, "उजव्या हाताने केला असता तर झाला नसता. डाव्या हाताचं कार्य फळत नाही, ते मी आधीच सांगितलं होतं."

उठले, देवघरातला जुना रेशमी कद आणला, आणि यंत्रावर पांघरून टाकला. मला स्वतःचाच इतका राग आला, की मी रात्रीची भाकरी करपवली.

सहा दिवस कद हलला नाही. पाडवा तीन आठवड्यांवर आला होता. एसटीडी बूथवरून बंगलोरला फोन लावला, तर मालविका ज्या वसतिगृहात उतरली होती तिथून हलली होती आणि नवा पत्ता अजून आला नव्हता. घरात "अगं ए" पुन्हा पन्नासवर गेलं. बंडीचं बटण लावताना ह्यांनी मान दुसरीकडे वळवली, तेव्हा मला कळलं, की हा प्रश्न तिथिपत्रकाचा राहिलेला नाही. या खेपेला हात टेकले तर हा माणूस पुन्हा कशालाच हात लावणार नाही.

चुकीच्या उत्तराचा मला राग येत नाही, वर्गात दिवसाला शंभर बघते. न तपासताच पाटी पुसून टाकली की मात्र माझं डोकं फिरतं. शनिवारी दुपारी शाळेतून आले आणि कद उचलून बाजूला ठेवला.

"राहू दे," हे म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही करत. मला गणित सोडवायचंय."

काळ्या पडद्यावर सोवळ्यातली फाइल उघडली. एकंदर चार ओळी. मालविकाच्या तीन चालत होत्या, ह्यांची एक आली आणि बिघडलं. मग बघायचं एवढंच, की ह्यांच्या ओळीत आणि तिच्या ओळींत फरक काय. मी एकेक अक्षर बोटाने वाचलं. घड्याळाच्या ओळीच्या शेवटी एक वेटोळं चिन्ह होतं, सातच्या आकड्यावर बसलेलं असतं ते. कागदाच्या ओळीच्या शेवटीही ते होतं. गणपतीच्या ओळीच्या शेवटी नव्हतं.

"हे चिन्ह तुम्ही का नाही घातलं?"

हे खुर्ची ओढून जवळ आले. "मला वाटलं, ओळ संपल्यावर लेखक काढतो तसली वेलबुट्टी असेल. गणपतीच्या नावापुढे इंग्रजी वेटोळं कशाला?" मग जरा थांबून, "आणि दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. बोट पोचत नव्हतं."

वही चाळली. शेवटच्या पानावर, घाईघाईत लिहिलेलं एकच वाक्य सापडलं. 'हे चिन्ह म्हणजे: याला बसव, पण याचं होईपर्यंत थांबू नकोस, पुढची ओळ घे.'

मी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं आणि मला हसू फुटलं. यंत्र बिघडलंच नव्हतं. त्याला सांगितलं होतं गणपती बसव, ते त्याने केलं, आणि गणपती उठायची वाट बघत ते बिचारं बसून राहिलं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात फोटो बघून झाला की कोणी तरी तो मिटला असता, आणि बाकीचं सगळं सरसर पुढे आलं असतं. आमच्या घरात कार्य व्हायच्या आधी गणपतीला कोण उठवणार? आम्ही दोघं हात जोडून बसलो.

"तुमचा डावा हात नाही नडला," मी म्हटलं. "तुमची भक्ती नडली."

"पण केलं डाव्याच हाताने."

"श्राद्धाला जानवं कुठल्या खांद्यावर घेता?"

"उजव्या."

"रोज कुठल्या असतं?"

"डाव्या. पितृकार्याला अपसव्य करावं लागतं, तुला काय माहीत नाही?"

"म्हणजे पितरांना जानवं उलटं चालतं, आणि तिथ्या लिहिणारा हात तेवढा उलटा चालत नाही. कुठल्या शास्त्रात आहे हे?"

ह्यांचं बोट आपसूक जानव्याशी गेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा शास्त्राच्या वादात मी जिंकले. पण त्या दिवशी मला जिंकल्याचा आनंद नव्हता, भीती होती, की हे पुन्हा उठून जातील.

उठले नाहीत. म्हणाले, "सरक जरा." करंगळीने खालची कळ दाबून धरली, पंजा ताणत ताणत तर्जनी सातपर्यंत नेली. दोनदा निसटली. मी हात मागे बांधून बसले होते. तिसऱ्यांदा वेटोळं उमटलं. तेवढ्यावर थांबायचं, तर ह्यांना उत्साह आला, आणि शेवटच्या ओळीलाही तसंच वेटोळं लावून टाकलं. "सगळ्यांना सारखा मान," म्हणाले.

नाव, शब्द, स्टार्टएक्स. पडदा करडा झाला, उजळला, गणपती आले, घड्याळ आल्यासारखं वाटलं, आणि एका क्षणात सगळं नाहीसं होऊन पुन्हा काळा पडदा. जणू मांडलेली पूजा कोणी चादरीसकट ओढून नेली.

मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. या वेळी चेष्टाही सुचली नाही.

हे मात्र पडद्याकडेच बघत होते. मग ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले, संकल्पाच्या आधी पुटपुटतात तसे. "गणपती बसवला, पुढे गेलो. कलश बसवला, पुढे गेलो. देवता बसवल्या, पुढे गेलो." थांबले. "आणि यजमानालाही सांगितलं, बस, पण तुझ्यासाठी थांबत नाही. मग पाटावर राहिलं कोण? यजमान उठला, की कार्य संपलं. त्याने आवरून टाकलं सगळं."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटच्याला वेटोळं नाही. बाकीच्यांना बसवून पुढे जायचं, पण शेवटच्यापाशी मात्र यंत्राने थांबायचं. तो आहे तोवर सगळे आहेत." माझ्याकडे वळले. "मालविकाने त्या ओळीला ते लावलं नव्हतं, बघितलंस का तू? तू फक्त तिच्या पहिल्या दोन ओळी ताडून बघितल्यास."

खरं होतं. न तपासलेल्या उत्तराची गोष्ट मी सांगत होते, आणि शेवटची ओळ मीच तपासली नव्हती. मी कान पकडले.

ह्यांनी स्वतः ते वेटोळं खोडलं. नाव, शब्द, स्टार्टएक्स. करडा पडदा. कोपऱ्यात दूधविनायक. त्यांच्या शेजारी घड्याळ, पावणेचार वाजलेले. मग कागद, वैशाख वद्य अमावास्येपर्यंत लिहिलेला. आणि सगळ्यांत शेवटी खालची पट्टी येऊन बसली, आणि प्रत्येक खिडकीला चौकट आली. आम्ही वाट बघितली. काहीच उठून गेलं नाही. ह्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, कशाला खोटं सांगू.

पुढच्या मंगळवारची गोष्ट. मी परातीत कणीक मळत होते आणि बत्ती गेली. अर्ध्या तासाने आली. मी सवयीने हात धुतले आणि हाकेची वाट बघत उभी राहिले. हाक आली नाही. यंत्र आधी घुमलं, मग बराच वेळ स्वतःचीच तपासणी करत बसलं. अचानक बत्ती गेली की ते तसं करतं. मग सावकाश कळा वाजल्या, थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाल्या, टक्, टक्, टक्. दारातून डोकावले. कोपऱ्यात गणपती, पुढे अधिक ज्येष्ठ, आणि हे मान खाली घालून लिहिताहेत. मी आहे हे त्यांना कळलंसुद्धा नाही. आयुष्यात मला कधी कोणी हाक न मारल्याचा इतका आनंद झाला नव्हता.

पाडव्याच्या तीन दिवस आधी प्रिंटरने तासभर खरखर करून दोन पानं बाहेर काढली. ह्यांनी ती तपासली, दोन चुका काढल्या, पुन्हा छापली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पानं टेबलावर तयार होती.

"झेरॉक्सला नेऊन दे," म्हणाले, आणि कागद पालथे करून माझ्या हातात दिले. शाईचं पेन टोपण न लावता बाजूला पडलं होतं, पण घाईत ते माझ्या मनात आलं नाही.

दुकानात कागद सुलटे केले तेव्हा दिसलं. तळाशी, श्राद्धतिथींच्या खाली, जिथे एकतीस वर्षं ह्यांची सही असायची, तिथे पेनाने लिहिलं होतं: वेणीमाधव. वरची रेघ उतारासारखी घसरलेली, ण चा पाय मोडलेला, ध फुगलेला. पहिलीतल्या पोराचं अक्षर. मला दुकानात उभ्या उभ्या रडू आलं. दुकानदार म्हणाला, "माताजी, कागज़ खराब है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, बहुत अच्छा है. पचास निकालो."

पाडव्याला गुढी उभी राहिली, आणि पहिल्या आल्या अंबिकाबाई. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी आधी आपल्या मामंजींची ओळ शोधली. माघ वद्य द्वितीया. कंसात बारीक अक्षरांत, 'बाजारच्या कॅलेंडरात फाल्गुन'. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग बोट घसरत घसरत तळाशी गेलं.

"गुरुजी, छापलंय झकास. पण हे खाली कोणी गिरबटलं? कोणा पोराच्या हाती लागलं होतं का?"

मी गुढीची माळ सारखी करायला लागले.

"मी लिहिलंय," हे म्हणाले. "ह्या हाताने."

अंबिकाबाईंनी ती सही पुन्हा एकदा वाचली, अक्षर लावून लावून.

"मग एक आणखी द्या," म्हणाल्या. "नाशिकला धाडते."

ह्यांनी गठ्ठ्यातून एक पत्रक सोडवलं आणि पुढे केलं. डाव्या हाताने कोणी काही दिलं तर अंबिकाबाई घेत नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि ते दोन्ही हातांनी घेतलं.